कालची दुरुस्ती

चार वाजायला दोन मिनिटं कमी असताना लीलाबाईंनी रोजच्यासारखा टीव्ही लावला, रिमोटवर नऊ आणि आठ दाबलं, आणि पडदा निळा झाला. नुसता निळा. कोपऱ्यात ‘सिग्नल नाही’ एवढी अक्षरं. त्यांनी पुन्हा दाबलं. सत्त्याण्णववर एक माणूस गुडघ्याचं तेल विकत होता, नव्याण्णववर कुणाचं तरी प्रवचन चाललं होतं, आणि दोघांच्या मधे, जिथं सहा वर्षं ‘पटांगण’ होतं, तिथं हा निळा. बिघाड असेल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. इंदापूरकडं वारा सुटला की तार हलते, हे चॅनेलवरच्या पोरानं, समाधाननंच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. मांडीवर मोबाईल, शेजारी पाण्याचा तांब्या, पलंगाच्या कडेला पाय दुमडून बसायची ही बैठक मोडावीशी त्यांना वाटेना. सव्वाचार झाले. साडेचार झाले. मोबाईल वाजला नाही. आज तो वाजायलाच हवा होता. रविवारची चूक सोमवारी दुरुस्त व्हायची होती, सोमवारी सामना नव्हता म्हणून ती मंगळवारवर गेली होती, आणि मंगळवार हा असा निळा होऊन समोर बसला होता.

‘पटांगण’ काही मोठं चॅनेल नव्हतं. बारामतीतल्या एका केबलवाल्याच्या पुतण्यानं, दिग्विजयनं, दोन कॅमेरे आणि एक जुनी व्हॅन घेऊन ते सुरू केलं होतं. माळेगावची कबड्डी, कळंबची कुस्ती, इंदापूरचा खो-खो, ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात रंगणारं टेनिस बॉलचं क्रिकेट, असं जे मोठ्या चॅनेलवर कधीच दिसायचं नाही ते सगळं तिथं दिसायचं. दिग्विजय बाईंचाच विद्यार्थी. पळायला आळशी, बोलायला पुढं. पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत झाली. गावोगावच्या याद्यांत धड नावंच नसायची. कुणी ‘बंटी’, कुणी ‘पाटलाचा’, कुणी नुसताच ‘दोन नंबर’. पडद्याच्या खालच्या पट्टीत लावायचं काय? मग त्याला बाई आठवल्या. चौतीस वर्षं तालुक्यातल्या पाच शाळांत खेळाच्या बाई. तेव्हापासून सामना सुरू झाला की व्हॅनमधून समाधानचा फोन यायचा. “बाई, सहा नंबर कोण?” बाई म्हणायच्या, “जरा पळू दे त्याला.” मग पडद्याकडं बघत बघत म्हणायच्या, “टाच उचलत नाही बघ. आजोबाही असाच पळायचा. बिरूचा नातू तो. रविराज. लाव, रविराज, माळेगाव बुद्रुक.” चेहरा त्यांना आताशा नीट दिसायचा नाही, आणि दिसायची गरजही पडायची नाही. माणूस वळतो कसा, बसतो कसा, दम लागला की हात कुठं ठेवतो, हे घराघरांतून खाली उतरत येतं, आणि बाईंना ती घरं पाठ होती. त्यांनी एकच अट घातली होती. नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी सामन्याआधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कालची दुरुस्ती’ लावायची, पुरतं एक मिनिट. दिग्विजय हसला होता. गावातही लोक हसायचे, “आला का बाईंचा माफीनामा?” म्हणायचे. बाईंनी अट सोडली नाही.

आणि रविवारी इंदापूरला मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता. सात नंबरची मुलगी ओळीत उकिडवी बसली होती. पाठीवर खो पडायच्या आधी तिनं उजवा तळवा डाव्या कमरेवर पुसला. एवढंच. फोनवर समाधाननं “सात नंबर?” विचारलं तेव्हा बाईंच्या तोंडून पटकन गेलं, “सारजा. कळंब.” मग सामना संपेपर्यंत ती मुलगी पळाली की खाली पट्टी सरकायची, सारजा, कळंब. तिनं चार गडी मारले आणि चारही वेळा तेच. बाई बघत होत्या. त्यांना काही खटकलं नाही. उलट किती तरी दिवसांनी अंगातून ऊन फिरल्यासारखं बरं वाटत होतं. सोमवारी सकाळी मेथी निवडताना जुडीच्या दोऱ्याची गाठ सुटेना, ती नखांनी सोडवता सोडवता त्यांचा हात थांबला. ती सारजा कशी असेल? सारजा आता पंचेचाळिशीला आली असेल. संघसुद्धा कळंबचा नव्हता, निरवांगीचा होता. पडद्यावर तसं लिहिलेलं होतं आणि त्यांनी ते वाचलंही होतं. नुसतं नाव चुकलं असतं तर एक वेळ ठीक होतं. इथं मधली एकोणतीस वर्षंच गळून पडली होती, आणि पडताना जरासा आवाजही झाला नव्हता. त्यांनी मेथी तशीच ठेवून समाधानला फोन लावला. खरं नाव त्यानंच शोधून दिलं. रश्मी, निरवांगी. “लावतो की उद्या, कशाला एवढं मनाला लावून घेता?” असं तो म्हणाला होता. उद्या म्हणाला होता.

संध्याकाळी रवींद्र कामावरून आला, त्यानं बूट काढता काढता सांगितलं. “आई, ते बंद झालं. मेसेज फिरतोय सगळीकडं.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. केबल कोण बघतंय आता? सगळे मोबाईलवर बघतात.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुला कशाला सांगतील? तू काय मालकीण होतीस?”

“अहो, असं काय बोलता!” मेघना स्वयंपाकघरातून म्हणाली. ओल्या हातानं पदर सावरत ती बाहेर आली. “आई, मी लावून देऊ का तुम्हाला मोबाईलवर? हवे ते सामने, हव्या त्या वेळी.”

“हव्या त्या वेळी नकोत,” बाई म्हणाल्या. “चार वाजता हवेत.” आपण हट्टी म्हातारीसारखं बोललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि त्याचाही राग आला. सून चांगली, मुलगाही वाईट नाही. पण बंद पडणाऱ्या गोष्टीनं निदान मागचं निस्तरून जावं, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येऊ नये? दुकान बंद करणारा शिंपीसुद्धा शिवायला टाकलेला झंपर परत देतो. त्यांनी दिग्विजयला चार वेळा फोन लावला. तीन वेळा वाजून थांबला, चौथ्यांदा एका बाईनं गोड आवाजात सांगितलं की ही व्यक्ती संपर्काच्या बाहेर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षानं भिगवण रोडला गेल्या. दुसऱ्या मजल्यावर ‘पटांगण’च्या ऑफिसचं दार सताड उघडं होतं. आत समाधान एकटाच जमिनीवर बसून कोपर आणि अंगठ्यावर वायर गुंडाळत होता, सूत गुंडाळतात तशी. तिशी ओलांडलेला, लग्न झालेला गडी. पण बाईंना बघून शाळेतल्यासारखा उठून उभा राहिला.

“या बाई. खुर्ची... खुर्च्या गेल्या. ह्या स्टुलावर बसा.”

“दुरुस्ती राहिलीय.”

“व्हय, ठावं हाय. पण लावू कशावर?”

“एक मिनिट चालू कर. एकच. दुरुस्ती लाव आणि मग खुशाल बंद कर.”

समाधान हसायला गेला आणि त्यांच्या तोंडाकडं बघून थांबला. “ती काय विहिरीवरची मोटार हाय का बाई, बटण दाबलं की चालू व्हायला? वरची लाईनच तोडली सोमवारी.”

“आणि मोबाईलवर तुम्ही टाकलाय तो सामना? त्यात तरी बदल.”

“त्यात नाव चित्रातच मुरलंय. आता निघत न्हाय. बिननावाचं मूळ हुतं, ते मशिनीत हुतं, आन् मशिन दिग्विजयदादानं देऊन टाकली.”

“कुणाला?”

“लग्नाच्या शूटिंगवाल्याला. त्यानं पुसून त्याच्यावर हळदी भरल्या बी असतील.” त्यानं वायरीचं वेटोळं खाली ठेवलं. “खरं सांगू का बाई? सहा वर्सांत तुमची दुरुस्ती वाचून कुणाचा फोन आला न्हाय. चुकीचं नाव बी कुणी बघितलं नसंल. एक त्या पोरीनंच फोन केला. दोनदा. लई भांडली.”

“काय म्हणाली?”

“म्हणली, माझ्या आईचं नाव कुठनं काढलं तुमी?”

खोलीत एकाएकी फार उजेड आहे असं बाईंना वाटलं. खिडकीचे पडदेही नेले होते. म्हणजे डोकं फिरलं नव्हतं. डोळ्यांनी बरोबरच बघितलं होतं. चुकलं ते मधलं. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, नेमकं ते घर. एवढ्या घरांतून नेमकं तेच. त्या स्टुलावरून उठल्या. “निरवांगीला गाडी कुठनं मिळते?” त्यांनी विचारलं. समाधान म्हणाला, वालचंदनगरपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. पण बाई, उन्हाचं, ह्या वयात, एका नावापायी? बाई तोवर जिना उतरायला लागल्या होत्या.

एका नावापायी. एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून त्या तेच शब्द घोळवत राहिल्या. त्यांचं स्वतःचं पहिलं नाव धोंडी. आधीची दोन मुलं दगावली म्हणून हिला तरी कुणी नेऊ नये असं नाव ठेवलेलं. छप्पन साली वडिलांनी धम्म घेतला, पुढच्या वर्षी पोरीला शाळेत घातलं तेव्हा पुस्तकात नाव लावलं लीला. गुरुजींनी लिहून घेतलं लीला आणि हजेरीला पुकारलं धोंडी. रोज. पोरं हसायची. ती हात वर करायची नाही म्हणून गैरहजर लागायची. मग एक दिवस वडील कामावरून तसेच आले, पायांना चिखल, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, पुस्तकात काय लिवलंय ते वाचा.” गुरुजींनी ऐकलं नसल्यासारखं केलं. वडील हलले नाहीत. पोरं हसायची थांबली. बाहेर कावळा ओरडत होता, खडूचा वास येत होता, आणि शेवटी गुरुजींच्या तोंडून ते नाव आलं, घशात अडकलेलं काहीतरी काढावं तसं. लीला. त्या माणसाची आपण मुलगी. त्या माणसाची मुलगी आणि आपण काय केलं? एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत होती. दोन ट्रॉल्या, वर रचलेला ऊस, मागं लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी काचेला घासत होती, आणि ड्रायव्हर हॉर्न देऊन देऊन थकला होता.

पंच्याण्णव सालची गोष्ट. जिल्ह्याच्या निवडीला पुण्याला बारा मुली जायच्या होत्या, यादी तीनच्या गाडीनं पाठवायची होती. मधल्या सुट्टीत सारजाचा बाप, कळंबचा रामहरी, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. माणूस गरीब स्वभावाचा. म्हणाला, “बाई, पोरीचं नाव काढा. लगीन जमतंय. पाव्हणं म्हणत्यात, आखूड चड्डीवर पळणारी पोरगी नगं.” बाईंना म्हणता आलं असतं, पंधराची आहे ती, कायदा काय सांगतो? म्हणता आलं असतं, पुण्याहून येऊ दे, मग बघू. पण रामहरीचा चुलतभाऊ शाळेच्या कमिटीवर होता, बाईंच्या बदलीचा कागद त्याच्यापुढं पडून होता, आणि रवींद्र दहावीला होता. हे सगळं त्यांच्या मनात आलं होतं की पुढं वर्षानुवर्षं त्यांनी ते आणून ठेवलं होतं, कोण जाणे. त्यांनी लाल पेन घेतलं. चौथ्या नावावर फूटपट्टी लावली आणि सरळ रेघ मारली. यादी घाण दिसू नये म्हणून फूटपट्टी. दुसऱ्या दिवशी सारजाला मैदानावरच, चुन्याची फक्की मारता मारता सांगितलं, “तुझी निवड झाली नाही. कमी पडलीस.” बापाबद्दल पोरीच्या मनात अढी नको, असं तेव्हा त्या स्वतःशी म्हणाल्या होत्या. चुन्यानं बोटं भगभगत होती. सारजानं उजवा तळवा डाव्या कमरेवर पुसला आणि म्हणाली, “बरं बाई.”

निरवांगीत घर सापडायला वेळ लागला नाही. खो-खोवाली रश्मी म्हटलं की लोक हात करत होते. गावाच्या कडेला पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण, एक गाय, दारातच चूल. चुलीपुढची बाई उठून उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. अंगानं भरलेली, केस पिकायला लागलेले. बाईंनी तिला रस्त्यात ओळखलं नसतं.

“बाई? तुमी हितं? अगं रश्मे, सतरंजी टाक. माझ्या शाळंतल्या बाई हायत.”

मुलगी शाळेच्या गणवेशातच होती. सतरंजी टाकली, पण बसली नाही. “तुमीच का त्या नावं सांगणाऱ्या?”

“मीच.”

“रश्मे, नीट बोल.”

“काय नीट बोल? साऱ्या शाळंत मला सारजाबाई म्हणत्यात. चार गडी मारलं मी आन् नाव हिचं! ही कधी गाईमागं तरी पळली का?”

“गाय पळूच देत न्हाय मला,” सारजा हसून म्हणाली, आणि चुलीवर चहाचं भांडं ठेवलं.

“हसू नगंस. सर म्हणलं हुतं, पुण्याला निवडीच्या लोकास्नी हा व्हिडिओ दाखवू. आता काय दाखवू? दुसरीचं नाव लावून स्वतःचं म्हणून?”

बाई म्हणाल्या, मी लिहून देते, सही करते, मी स्वतः पुण्याला येते. बोलता बोलताच आपला आवाज किती पोकळ लागतोय ते त्यांना कळत होतं. “कोण मानणार बाई तुमची सही?” मुलगी म्हणाली. उद्धटपणानं नाही, नुसतं विचारावं तसं. आणि खरंच, कोण मानणार? निवृत्त, घरात बसलेली, बंद पडलेल्या चॅनेलला फोनवर नावं सांगणारी एक म्हातारी. चुकवायचा तेवढा अधिकार उरला होता, दुरुस्त करायचा गेला होता. सारजानं उजवा तळवा डाव्या कमरेवर पुसला आणि भांडं उतरवलं. मुलगी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती. पण रोज बघत असणार, जन्मापासून, न बघता.

“तुझी आई खेळायची,” बाई म्हणाल्या.

“कोण, ही?”

“कुठलं खेळणं,” सारजा म्हणाली. “निवड बी झाली न्हवती माझी.”

“झाली होती.” बाई थांबल्या नाहीत. “यादीत चौथं नाव तुझंच होतं. मी काढलं. तू कमी पडली नव्हतीस, सारजा. मी खोटं सांगितलं.”

सारजानं तीन कपांत चहा ओतला. तिन्ही सारखे भरले, एकात जरा कमी वाटला म्हणून दुसऱ्यातला थोडा घातला. पहिला बाईंच्या हातात दिला. मग म्हणाली, “अप्पा आलं हुतं?”

“आले होते. पण काढलं मी.”

“आन् तुमी मला म्हणला, कमी पडलीस.”

“हो.”

“कशात, ते तुमी सांगितलं न्हवतं.” ती चुलीतल्या निखाऱ्याकडं बघत होती. “मी लई इचार केला बाई. पळण्यात का वळण्यात, का उठायला उशीर हुतो. सासरी आल्यावर बी करायची. भाकरी थापताना मधीच आठवायचं. कशात कमी पडलो असू आपुन? मग म्हणलं असंल कायतरी, आपल्याला कळत नसंल. म्हणून हिला कधी सांगितलं न्हाय. जे आपल्याला जमलंच न्हाय ते काय सांगायचं?”

“कशातच नाही,” बाई म्हणाल्या. “कशातच कमी नव्हतीस.”

“व्हय, आता कळलं.” सारजा बाईंकडं वळली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. “मग हे बी लावा की. काळ्यावर पांढरं. मी रोज बघायची तुमची दुरुस्ती. शेतात असली तरी चारला घरी यायची, गाय तशीच सोडून. माणसं हसायची, मी न्हाय हसली. म्हणायची, आमच्या बाई किती खऱ्या हायत. लावा की उद्या चार वाजता.”

“बंद झालंय, सारजा.”

“तेच की,” ती म्हणाली. “आत्ताच आठवलं तुमाला.”

बाईंच्या हातातल्या चहावर साय धरली होती. त्या काहीतरी बोलणार होत्या. शब्दही तयार होते, माफ कर वगैरे. पण ते शब्द त्यांना एकाएकी ती फूटपट्टी वाटले, रेघ नीट दिसावी म्हणून लावलेली, आणि त्यांनी ते गिळून टाकले. बाहेर वडापवाला वालचंदनगर, वालचंदनगर ओरडत गेला. गायीनं शेपूट मारलं. रश्मी खांबाला टेकून केव्हापासून आईच्या पाठीकडं बघत होती. तिच्या तोंडावरचा राग गेलेला नव्हता, पण आता तो कुणावर ठेवावा हे तिला सुचत नसावं. ती हळूच पुढं आली, चुलीपुढं उकिडव्या बसलेल्या आईच्या मागं उभी राहिली, आणि तिच्या पाठीवर तळवा टेकवून, हसत नाही आणि रडत नाही अशा आवाजात म्हणाली,

“खो.”

सारजाचा उजवा तळवा आपोआप डाव्या कमरेकडं गेला. पुसला गेला. टाचा जमिनीपासून जराशा सुटल्या, हे बाईंनी स्वच्छ पाहिलं.

पण ती उठली नाही.